दोन तासांची तहान

कोंबडीला सर्दी होते असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसून झालं की विचारतात, मग तिचं नाक कोण पुसतं? सत्तावीस वर्षं मी हा एकच विनोद ऐकत आले. आता हसू येत नाही, पण समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून जरा ओठ हलवते.

माझं नाव सुलोचना. माहेर तुमसरकडचं, सासर कटंगीचं. कोंबड्यांना लस देणं हे माझं काम होतं. सोडायचं माझ्या मनात नव्हतं, गुडघ्यांनीच नाही म्हटलं. संपादकबाई म्हणाल्या, बोलता तसं लिहा. आम्ही बालाघाट जिल्ह्यातले लोक बोलतो तसं लिहिलं तर एक ओळ मराठी, दुसरी हिंदी अन् तिसरीत दोन्हीचं कालवण होईल. म्हणून शाळेत शिकले तेवढं मराठी वापरते. माणसं मात्र त्यांच्या तोंडानेच बोलतील.

गावोगाव मला सुईवाली बाई म्हणायचे. खरं म्हणजे या सर्दीच्या लसीला पिल्लांसाठी सुई लागतच नाही. डॉक्टर लोक या बिमारीचं लांबलचक इंग्रजी नाव घेतात, आम्ही नुसतं घरघर म्हणतो. रात्रीतून शेडमध्ये शिरते. सकाळी दोन पिल्लं शिंकतात, दुसऱ्या दिवशी पत्र्याखालचं सगळं शेड घरघरतं. खायच्या कोंबड्यांची वाढ थांबते. अंड्यांच्या कोंबडीला झाली तर अंड्याच्या टरफलावर सुरकुत्या पडतात, अन् फोडलं की पांढरं ताटभर पाण्यासारखं पळतं. अन् अगदी लहान पिल्लाला, पहिल्या पंधरवड्यात झाली तर काय होतं, ते पुढे सांगते. तेच सांगायला बसले आहे.

या विषाणूचा वाईट गुण असा की तो चेहरा बदलतो. पूर्वी एका बाटलीत काम भागायचं. मग नव्या चेहऱ्याची घरघर आली अन् जुन्या लसीला ती जुमानेना. एका घरचे दोन भाऊ असतात, मोठ्याला गाव ओळखतं म्हणून धाकटा ओळखू येतोच असं नाही, तसं. तेव्हापासून बर्फाच्या डब्यात दोन बाटल्या, जुनी अन् नवी. लोकांना वाटायचं, बाईने धंदा वाढवला.

गिऱ्हाइकं एकेक नग भेटली. परसवाड्याकडच्या एका भल्या माणसाला मी सांगितलं, लसीसाठी पाणी एकदम साफ पाहिजे. मी हातपाय धुऊन येईपर्यंत त्याने कालवलेली लस चुलीवर चढवली होती. "उकयून देल्ली ताई, आता एकदम शुद्ध!" म्हणाला. बाप्पा! लस जिवंत असते, म्हणून तर ती काम करते. तिचा त्याने काढा केला. तिरोडीला मँगनीजच्या खाणीतून रिटायर झालेले एक काका होते, घरामागे पाचशे कोंबड्या. कोरोनाच्या वेळेस त्यांना कुठून तरी कळलं की कोंबडीची घरघरही त्याच जातीच्या विषाणूची आहे.

"बाई, हा बी कोरोनाच न?"

"त्याच खानदानातला. पण माणसाले होत नाही."

"मंग दोन थेंब मले बी टाका. खानदान तं एकच हाय न!"

अन् खरंच डोळा ताणून खुर्चीवर बसले. मी म्हटलं, काका, टाकते, पण आधी तुम्हाले कोंबडीसारखं पाय धरून उलटं लटकवावं लागेल, कायदा सगळ्यांले एकच. तेव्हा उठले.

असं हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण शेवटची चार वर्षं मी एका दिवसात एकच शेड घेत होते. दोन घेतली असती तर घराला बरं झालं असतं, अन् लोक विचारायचेही, सुलोचनाताई, काहून बाप्पा, आळस चढला का? कारण मी कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते.

त्याआधी काम समजून घ्या. पिल्लांना ही लस द्यायच्या दोन रीती. एक, डोळ्यात थेंब. पिल्लू मुठीत धरायचं, मान जरा आडवी करायची, एक थेंब टाकायचा अन् ते पापणी मिटेपर्यंत सोडायचं नाही. एकही पिल्लू सुटत नाही, ही पक्की रीत. पण हजार-दीड हजार पिल्लं म्हणजे चार बाया अन् अख्खा दिवस. दुसरी रीत पाण्यातून. पिल्लांची पाण्याची भांडी काढून घ्यायची, दोन तास तहानलेलं ठेवायचं. मग ब्लीचिंग नसलेल्या गार पाण्यात दुधाची भुकटी, लस अन् निळ्या रंगाची गोळी टाकून ते पिल्लांपुढे ठेवायचं. तहानलेली पिल्लं तुटून पडतात, तासाभरात भांडी कोरडी. जिभा निळ्या झाल्या की समजायचं, पोहोचली. पाण्याच्या रीतीत सगळा खेळ तहानेचा. तहान नसेल तर पिल्लू दोन घोट घेऊन निघून जातं, अन् भांड्यात लस मरून जाते.

कटंगीपासून पाच-सहा किलोमीटरवर एक गाव आहे, नाव लिहीत नाही. तिथे वंदना नावाची बाई राहते, वय तीस-बत्तीस. नवरा धनराज नागपुरात सेंट्रिंगच्या कामावर, आठ वर्षं झाली. घरी वंदना अन् तिची सासू सगुणाबाई, सत्तरीच्या पुढची. आमच्याच समाजातलं, बौद्ध घर. वंदनाने वावराच्या कडेला शेड बांधलं अन् अंड्यांच्या कोंबड्यांची चौदाशे पिल्लं आणली. पहिलीच खेप. तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "ताई, अंडे सुरू झाले का हे नागपूर सोडून येतीन. गाडीवर अंडे घेऊन बालाघाटले जातीन. तसं बोलणं झालं हाय आमचं." बुढी सासू बाजूला तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "संक्रांतीले येते म्हनते पोरगा." तिच्या आवाजातला आनंद मला अजून ऐकू येतो.

पिल्लं आठवड्याची झाली तेव्हा मला बोलावणं आलं. आजूबाजूच्या गावात नव्या चेहऱ्याची घरघर फिरत होती, त्यामुळे लस लवकर पोहोचणं महत्त्वाचं होतं. डोळ्यातूनच द्यायची, असं मी ठरवलं होतं. पण दिवस रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे. आमच्याकडे धानाचा रोवणा सुरू झाला की बाया मिळत नाहीत, सोनं देतो म्हटलं तरी नाही. माझ्या चौघी बांधीत चिखलात उभ्या होत्या. वंदना स्वतःही रोवायला गेली होती. मी म्हटलं, चला, पाण्यातूनच देऊ.

सकाळी आठला मी भांडी काढली, धुतली, उपडी मारली. सगुणाबाईंना सांगितलं, "माय, दोन तास पाणी नाही द्यायचं. किती बी ओरडू दे." त्या म्हणाल्या, "बरं." अन् मी बर्फ आणायला कटंगीला गेले.

दहा वाजता परत आले, लस कालवली, भांडी लावली. पिल्लं आली. चोच बुडवली, मान वर केली, अन् हळूच बाजूला झाली. तुटून पडणं वगैरे काही नाही. तासाभरानेही भांडी निम्मी भरलेली. इतक्या वर्षांच्या कामात हे काय असतं, मला कळत नव्हतं असं म्हणाले तर खोटं होईल. मी चार पिल्लं धरून चोच उघडली. दोन जिभा निळ्या, दोन साध्या. दिवस ढगाळ होता. मी मोठ्याने म्हटलं, "ढग आहे, म्हणून पीत नसतील." सगुणाबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "हौ बाई."

मला त्या दिवशी तिरोडीला दुसरं शेड करायचं होतं. गाडीची वेळ झाली होती. गुडघे ठणकत होते, अन् मला कंटाळा आला होता. कंटाळा आला होता हेच खरं, बाकी सगळ्या सबबी. उरलेलं पाणी नालीत ओतलं, वंदनाच्या कार्डावर माझ्या अक्षरात "दोन्ही लसी दिल्या" लिहिलं अन् निघाले. पाच मिनिटं बसून विचार केला असता, नवी बाटली आणून दुसऱ्या दिवशी परत दिली असती, तर आज हे लिहायला लागलं नसतं.

पाच दिवसांनी वंदनाचा फोन. "ताई, पिल्ले शिंकून राह्यले."

जिवंत लस दिल्यावर तीन-चार दिवसांनी पिल्लं जराशी शिंकतात. आम्ही त्याला लस लागली म्हणतो, अन् ते चांगलंच लक्षण असतं. मी तेच सांगितलं. "भेऊ नको, लस लागली." तिचा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर माझाही पडला. पिल्लं आठ-दहा दिवस घरघरली, थोडी मेली, बाकीची सावरली अन् बघता बघता मोठी झाली. दिवाळीत वंदनाने फोटो पाठवला. लाल तुरे, चकचकीत पिसं. कोणीही म्हणावं, काय कोंबड्या आहेत!

डिसेंबर लागला तशी अंडी सुरू झाली, पण थोडी. आठवडा गेला, दोन गेले, महिना होत आला. निम्म्या कोंबड्यांचंही अंडं येईना. वंदनाने दाणा बदलला, शेडमधला दिवा जास्त वेळ ठेवला. शेवटी मला बोलावलं. मी शेडमध्ये तासभर नुसती बसून राहिले. कोंबडी अंडं द्यायच्या पेटीत जायची, अंग फुलवून बसायची, अंडं दिल्यासारखं ओरडायची अन् उठायची. खाली काही नाही. भुसा जरासा दबलेला, तेवढंच.

मी एक कोंबडी कापून पाहिली. आत बलक तयार होत होता, पण अंडं घडवणारी नळी मधेच संपलेली. बलक तसाच पोटात सांडलेला. बालाघाटच्या डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांचं एकच वाक्य आलं: लहानपणी घरघर झालेली आहे. हेच मघाशी पुढे सांगते म्हटलं होतं. पहिल्या पंधरवड्यात ही बिमारी झाली तर पिल्लू वाचतं, वाढतं, तुरा लाल होतो, सगळं होतं, फक्त ती नळी आतल्या आत जळून गेलेली असते. कळतं पाच महिन्यांनी.

वंदना हात धुवायला पाणी आणायला गेली. सगुणाबाई माझ्याजवळ येऊन खाली बसल्या.

"बाई, एक पुसू का?"

"पुसा न, माय."

"तुमी त्या दिवशी बरफ आनाले गेलत्या. पिल्ले लय वरडून राह्यलते. चोची वर करून. माह्याच्यानं पाह्यलं नाही गेलं. मी परातीत पानी देल्लं. तुमी येयाच्या आंधी पराती उचलून घेतल्या."

त्या खाली बघून बोलत राहिल्या.

"मी लहान होती न, तं मायसंग इहिरीवर जायची. आमाले हात लावू नाही देत. कोनी वरून ओतलं तं पानी. नाही ओतलं तं घागर घेऊन उभं राहाचं, दुपारपावतर. तवापासून तान्हेल्याले पानी नाही म्हनाले माह्यी जीभ उचलतच नाही. पिल्लू असू दे का मानूस." मग माझ्याकडे पाहिलं. "याच्यानं तं नाही झालं न, बाई?"

त्यांच्यावर मी काय रागावणार? माझी आजीही त्याच रांगेत उभी राहिलेली. दोन तास पाणी देऊ नका, एवढंच सांगून मी निघून गेले होते. काहून नाही द्यायचं, हे सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत.

"नाही माय," मी म्हटलं. "याच्यानं नाही झालं."

खोटं बोलले, अन् खोटं बोलल्यावर अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्यांच्याही अन् माझ्याही. वंदना पाणी घेऊन आली ती तणतणतच.

"पिल्लेच खराब देल्ले न त्या पिल्लेवाल्यानं? मले तवाच शंका आलती. ताई, उद्या तुमी माह्यासंग बालाघाटले चला. माह्यापाशी कार्ड हाय, तुमच्या हातचं लिहेल. लस देल्ली, तरी बी असं झालं म्हंजे पिल्लेच खराब. तुमी सांगान तं ते मानतीन. तुमच्या शब्दाले वजन हाय."

तिने कार्ड आणून माझ्या हातात दिलं. दोन्ही लसी दिल्या. खाली माझी सही. मला शब्दाच्या वजनाचं कौतुक होतं कधीकाळी. त्या क्षणी वाटलं, जमीन फाटावी. उद्या त्या पिल्लंवाल्याच्या दुकानात उभं राहून हे कार्ड दाखवायचं अन् त्या माणसाला खोटं पाडायचं, हे माझ्याने होणार नव्हतं. आणि खरं सांगू? नुसतं गप्प बसून भागलं असतं तर मी गप्पही बसले असते. एवढी थकलेली होते मी.

"वंदना," मी म्हटलं, "पिल्लं चांगली होती. त्या दिवशी लसीचं पाणी उरलं होतं. निम्मं. मी पाहिलं होतं. मले समजलं होतं का लस गेली नाही. मले तिरोडीची गाडी पकडायची होती, म्हणून मी लिहून टाकलं अन् गेले. तू शिंकतात म्हणून फोन केला, तेव्हा बी मी खोटंच समजावलं."

तिने विचारलं, "पाणी काहून उरलं पण? दोन तास तहानेले होते न?"

ते सांगणं माझं काम नव्हतं. पण सगुणाबाई उठल्या, भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"मी पाजलं होतं पानी," त्या म्हणाल्या.

शेडमध्ये एक कोंबडी पेटीतून ओरडत उठली. आम्ही तिघींनी तिकडे पाहिलंही नाही.

मग वंदना बोलली. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "ताई, आता कोणती अंडे देते अन् कोणती नाही देत, हे निवडता येईल का? देणाऱ्या ठेवू, बाकीच्या काढून टाकू."

"नाही, बाई. हात लावून कळत नाही. तुरा लाल, मागची हाडं अंड्यासाठी उघडलेली, सगळं देणारीसारखंच. एकेकीला वेगळं कोंडून आठवडाभर पाहिलं तर कळेल. चौदाशे पिंजरे कुठून आणशील?"

"मंग सगळ्याच कापाले द्याव्या लागतीन."

"हौ."

तिने कंबरेचा फोन काढला. आमच्यासमोरच लावला. पलीकडे धनराजचा आवाज मला ऐकू येत होता, मागे कुठेतरी मशीन चालू होती. संक्रांतीला आठ दिवस राहिले होते. तो काहीतरी हसून बोलला, बहुतेक घरी यायचंच असावं. सगुणाबाईंनी डोळे मिटून घेतले. मीही मनात तयारी केली, आता माझं नाव येणार, मग बुढीचं येणार, अन् यायलाच पाहिजे होतं.

"अहो, येऊ नका एवढ्यात," वंदना म्हणाली. "काम सोडू नका." पलीकडून प्रश्न आला. ती सासूकडे पाहत होती. "काही नाही झालं. कोनाची चूक नाही. पिल्लेच खराब निघाले." मग जरा ऐकून म्हणाली, "हौ, आई बऱ्या हायेत. इथंच उभ्या हायेत."

फोन ठेवला. कार्ड माझ्या हातातून घेतलं, दुमडलं अन् ब्लाउजमध्ये खोचलं. मग सासूला म्हणाली, "आई, ताईले चहा ठेवा न. सकाळपासून आल्या हायेत."